डावी साडेआठ

बत्तीस वर्षं मी बायकांचे ब्लाऊज शिवतोय आणि आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकाचं माप घेतलेलं नाही. माझा मेहुणा लग्नाकार्यात माझी ओळख करून देतो तीच मुळी अशी, "हे आमचे भावोजी. पोहायचा क्लास चालवतात, पाण्यात कधी उतरले नाहीत."

पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कांदिवलीला गावठाणाच्या तोंडाशी आमचं दुकान आहे. मध्ये जाड निळा पडदा. पडद्याच्या आत माझी बायको सुनंदा टेप घेऊन, बाहेर मी वही घेऊन. ती आतून आकडे सांगते, मी लिहितो. छाती, कंबर, शोल्डर, मुंढा म्हणजे जिथे बाही जोडतात तो घेर, पुढचा गळा, मागचा गळा. मग त्या आकड्यांवरून मी कापड कापतो. सुरुवातीला ही नुसती सोय होती, कारण पुरुषाने माप घेतलेलं बायकांना नको असायचं. पुढे सवय झाली आणि सवयीचा मला माज आला. मला माणूस बघावंच लागत नाही, आकडे पुरे, असं मी सांगत फिरायचो. रस्त्यात कुणी बाई ओळखीचं हसली तर मी ढिम्म. सुनंदा कानात सांगायची, "अहो, अडतीस, मुंढा साडेसोळा, मागे नाडी." की लगेच मी, "अरे हो! नमस्कार, नमस्कार!"

कुठल्याच बाईच्या दोन बाजू सारख्या नसतात. एक खांदा उतरलेला असतो, एक काख भरलेली असते. आमचं काम त्या सारख्या दाखवायचं. गिऱ्हाइकाला आरशात काही खटकलं नाही की टेलर जिंकला. आणि गिऱ्हाइकं जे बोलतात ते त्यांच्या अंगाला मान्य असतंच असं नाही. एक बाई पंचवीस वर्षांपूर्वीचा शालूवरचा ब्लाऊज घेऊन आल्या. "याच मापाचा शिवा." सुनंदाने टेप लावली आणि हळूच म्हणाली, "ताई, हा तुमच्या मुलीला येईल."

"मलाच यायला हवाय. लग्नाला तीन महिने आहेत. तुम्ही शिवा, मी बसवते."

शिवला. पण शिलाईच्या आत दीड इंच जास्तीचं कापड ठेवून दिलं. तीन महिन्यांनी बाई तोंड पाडून आल्या, मी पाच मिनिटांत शिलाई उसवून ते कापड मोकळं केलं. ब्लाऊज चपखल बसला. आपण बारीक झालो असं त्यांनी सोसायटीभर सांगितलं आणि आमची बारा गिऱ्हाइकं वाढली. या आतल्या कापडाचा मला फार अभिमान होता. काहीही बिघडू दे, मास्टरने आत जागा ठेवलेली असते.

ऑपरेशन झालेल्या बायका आमच्याकडे एकीमुळे दुसरी अशा येत गेल्या. स्तनाचा कॅन्सर होऊन एक बाजू काढलेली. काहीजणी आत कापडी गादी घालतात, तिच्यासाठी ब्लाऊजला आतून खिसा लावून द्यावा लागतो. काहीजणींनी काढलेल्या जागी सिलिकॉनचं इम्प्लांट बसवून घेतलेलं असतं. सुनंदाने या बायकांसाठी स्वतःची रीत काढली. एरवी छातीचा घेर एकदाच मोजतात. यांचा ती दोन भागांत मोजते. छातीच्या मधल्या हाडापासून डाव्या काखेखालपर्यंत एक, तिथूनच उजव्या काखेखालपर्यंत दुसरा. डावी इतकी, उजवी इतकी. हे तिला कुणी शिकवलं नाही. माझ्या डोक्यात तर ते सात जन्मांत आलं नसतं.

सिसिलिया त्यांच्यातली. गावठाणातलीच, शाळेत लायब्ररीत नोकरीला, नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेला, एक मुलगी शॅरन. शाळेत साडी लागायची, म्हणून दर जूनला शाळा उघडायच्या आधी दोन ब्लाऊज आमच्याकडे. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं तेव्हाच इम्प्लांट बसवलेलं होतं. पहिल्याच दिवशी पडद्याआडून तिचा आवाज आला, "मास्टर, नीट लिहून घ्या हां. डावी परमनंट आहे, उजवी टेम्पररी."

मी कात्रीला तेल घालत बसलो.

"डावीला रिटायरमेंट नाही," ती म्हणाली. "मी म्हातारी होईन, ती नाही होणार."

ते खरंच होतं. सात वर्षं तिचं उजवीकडचं माप वजनाप्रमाणे हलायचं, कधी साडेआठ, कधी पावणेनऊ, कधी नऊ. डावीकडचं हललं नाही. डावी साडेआठ. माझ्या वहीत इतका इमानदार आकडा दुसरा नव्हता. पुढेपुढे सुनंदा आतून बोलायच्या आधीच मी तो लिहून टाकायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्येही तो असाच लिहून मोकळा झालो होतो. आतून सुनंदा म्हणाली, "डावी नऊ."

"साडेआठ," मी म्हणालो.

"नऊ आहे."

"टेप सैल धरलीस. ती बाजू वाढत नाही."

"अहो, नऊ भरतंय."

"बाई जाड होते ती दोन्हीकडून होते. उजवी किती?"

"पावणेनऊ."

"मग? डावी तिच्याहून मोठी कशी होईल? नीट धर जरा."

आत सिसिलिया हसली. "ओढा वहिनी, ओढा. मास्टरांचं मन राखा."

टेप करकचून ओढली गेली असणार. "साडेआठच्या जरा वर," सुनंदा म्हणाली.

"म्हणजे साडेआठ," मी म्हणालो, आणि पान उलटलं.

ब्लाऊज डावीकडे घट्ट झाला. सिसिलिया आठवड्याभरात परत आली. "मास्टर, म्हातारे झालात." मी हसत हसत शिलाई उसवली, आतलं कापड मोकळं केलं, पुन्हा टीप मारली. पाच मिनिटांचं काम. पण ती घालून बघून लगेच गेली नाही. काउंटरला टेकून उभी राहिली.

"जरा वही बघता का? मला डावीकडे भरल्यासारखं वाटतंय. जड. माप काय म्हणतंय?"

मी वही काढली. पान पान मागे जात तिला बोटाने दाखवलं. साडेआठ. साडेआठ. साडेआठ. "आणि हे आत्ताचं. साडेआठ. सात वर्षं सूतभर फरक नाही, बाई."

"मग घट्ट कसा झाला?"

"कॉटन आहे. पाणी लागलं की आटतं."

तिने केवढा तरी मोठा श्वास सोडला. "बरं झालं विचारलं. उगाच डॉक्टरकडे पळाले असते. शॅरनचं लग्न ठरतंय, आता ते परत नको रे बाबा."

सुनंदा कोपऱ्यात हूक लावत बसली होती. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातली. पुढे तिने मला सांगितलं, त्या दिवशी तिलाही वाटलं होतं की टेपच सैल असेल. इतकी वर्षं एकच माणूस रोज आपलंच खरं करतोय म्हटल्यावर बाईचा स्वतःच्या हातावरचा विश्वास किती टिकणार?

नोव्हेंबरात लग्नाचं कापड आलं. गावठाणातल्या या जुन्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी उंबराचं पाणी आणायची रीत आहे. घरच्या बायका लुगडी नेसून, पुढे बँड लावून विहिरीवर जातात आणि नवऱ्यामुलीसाठी पाणी भरून आणतात. सिसिलिया मुलीची आई, म्हणजे तिच्या लुगड्यावरच्या ब्लाऊजकडे अख्खं गावठाण बघणार. हिरवंगार रेशमी कापड होतं. ते काउंटरवर पसरून मी खडू घेऊन तयार बसलो.

आतून नेहमीसारखे आकडे आले. शोल्डर. मुंढा. मग आवाजच नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"डावी दहा."

आणि वाचकहो, सांगायला लाज वाटते, मी म्हणालो, "सुनंदा, टेप..."

पडदा सरकला. सुनंदा बाहेर आली. तिने टेप माझ्या गळ्यात अडकवली. "घ्या. जा आत. तुम्ही मोजा."

"येऊ नका हो मास्टर, मी लाजते," आतून सिसिलिया म्हणाली. शब्द थट्टेचे होते, पण आवाजात हसू नव्हतं.

मी जागचा हललो नाही. सुनंदा माझ्यासमोर उभीच राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "जूनला नऊ होतं. मी बोलले होते." मग पडद्याकडे तोंड करून मोठ्याने, "सिसिलिया, उद्या सकाळी दहाला मी तुझ्या दारात. डॉक्टरकडे जायचं."

"लग्न होऊ दे गं आधी. दोन महिने तर राहिलेत."

"डॉक्टरकडे जाऊन आल्याशिवाय हा ब्लाऊज कापला जाणार नाही. बस मग विहिरीवर जुनाट पोलकं घालून."

सिसिलिया रडली की काय ते मला दिसलं नाही. माझी जागा पडद्याबाहेर.

बोरिवलीच्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी सोनोग्राफी केली. इम्प्लांटच्या भोवती पाणी साठलेलं होतं. ते सुईने काढून तपासायला पाठवलं. सिसिलियाकडे जुन्या हॉस्पिटलने दिलेलं इम्प्लांटचं कार्ड होतं, प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवलेलं. ते डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाचलं. मग विचारलं, "सूज नक्की कधीपासून आहे?"

"मला नाही सांगता येत," सिसिलिया म्हणाली. "पण आमच्या टेलरकडे वही आहे. सगळं लिहिलेलं आहे."

रिपोर्ट आला त्या दिवशी आम्ही दोघं वही घेऊन तिच्याबरोबर गेलो. डॉक्टरीणबाईंनी साध्या मराठीत समजावलं. हा जुना कॅन्सर परत आलेला नाही. इम्प्लांट बसवलं की शरीर त्याच्याभोवती स्वतःची एक पातळ पिशवी तयार करतं. क्वचित एखादीच्या बाबतीत, बऱ्याच वर्षांनी, त्या पिशवीत प्रतिकारशक्तीच्या पेशींचा वेगळाच कॅन्सर सुरू होतो. लिम्फोमा म्हणतात त्याला. बाहेरून खडबडीत असलेल्या इम्प्लांटशी त्याचा संबंध दिसून आलाय, आणि सिसिलियाचं त्याच जातीचं होतं. फार थोड्यांना होतो, त्या म्हणाल्या. इम्प्लांट असलेल्या प्रत्येकीने घाबरून ते काढून टाकायची गरज नाही. पण वर्षांनंतर एक बाजू सुजली तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

"म्हणजे ज्या गोष्टीने मला परत बाई केलं, तिनेच?" सिसिलियाने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी वही उघडली. "वा! हे तर आमच्या केसपेपरपेक्षा नीट आहे." आणि इतकं सगळं चाललेलं असताना मला त्याचं बरं वाटलं. माणूस किती हलका असतो बघा. त्या आकड्यांवरून पेन फिरवत गेल्या. "जूनपर्यंत काहीच फरक नाही. साडेआठ. म्हणजे सूज अलीकडची, चार-पाच महिन्यांतली."

सिसिलियाने कपाळावर, छातीवर क्रूस केला. डॉक्टरीणबाई कागदावर लिहायला लागल्या. सुनंदा माझ्याकडे बघत होती. ती बोलली असती तर फार बरं झालं असतं.

"डॉक्टर, ते लिहू नका," मी म्हणालो. "जूनचा आकडा माझा आहे. बाईंचा नाही."

"म्हणजे?"

मी सांगितलं. पडदा, पाठ झालेला आकडा, सैल टेप, आतलं कापड, आटलेलं कॉटन. सगळं. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि टाचण्या माझ्या खिशात होत्याच. शेवटी मी विचारलं, "तेव्हाच आल्या असत्या तर फरक पडला असता का?"

त्यांनी लिहिलेलं खोडलं. "लवकर सापडलं तर बहुतेक वेळा इम्प्लांट आणि ती पिशवी पूर्ण काढली की भागतं. आता काखेत गाठही लागतेय. नेमका किती फरक पडला असता ते मी सांगू शकत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही, आणि वाईट वाटावं म्हणूनही नाही."

सिसिलियाच पहिली बोलली. "वहिनींचं ऐकत नाहीत, यात नवीन काय आहे डॉक्टर?" आणि हसली. डॉक्टरीणबाईही जरा हसल्या. मीही हसलो.

खाली रिक्षाची वाट बघताना मात्र ती माझ्याकडे वळली. "मास्टर, मला राग आलाय. वर हसले म्हणून गेला असं समजू नका."

"नाही समजत."

"आणि माझा मलाही आलाय. माझं अंग मला सांगत होतं आणि मी तुमची वही विचारली."

डिसेंबरात ऑपरेशन झालं. इम्प्लांट, पिशवी आणि काखेतल्या गाठी काढल्या. लग्न जानेवारीतच होतं, तिने पुढे ढकलू दिलं नाही. टाके काढल्यावर ती मापाला आली. मी वही उघडून बसलो. हातात खडू नव्हता, पेन्सिल नव्हती. आधी ऐकायचं, मग उचलायची, असं ठरवलं होतं.

"उजवी आठ," सुनंदा म्हणाली.

"आठ."

"डावी सात."

"सात," मी म्हणालो आणि मग लिहिलं. पेन्सिल खाली ठेवून विचारलं, "बाई, आत गादी बसवू? कुणाला कळणार नाही असं देतो करून."

"नको. सपाट आहे तर सपाटच शिवा. आता आकडा आहे तोच दिसू दे."

दोन बाजू सारख्या दाखवायचं काम मी उभा जन्म केलं. सारख्या नाहीत असं दाखवणारा हा पहिला ब्लाऊज. हिरवं रेशीम कापताना सुनंदाने कापड दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं. शिलाईच्या आत जास्तीचं कापड ठेवलं नाही. उंबराच्या पाण्याला आम्ही दोघं गेलो होतो. बँडमागून सिसिलिया चालत होती, नऊवारी लुगडं, अंबाड्यावर गजरा. डावा हात वर जात नव्हता म्हणून कळशी डोक्यावर न घेता उजव्या कडेवर घेतलेली. बायका बघत होत्या. तिने पदर एकदाही पुढे ओढला नाही.

नंतर केमो. ब्लाऊज आत घ्यायला ती येत राहिली. मार्चमध्ये उजवी साडेसात. मेमध्ये सात. ऑगस्टमध्ये सहा, आणि तेव्हा तिला स्टुलावरून उठवायला सुनंदाला आधार द्यावा लागला. त्या दिवशी जाताना तिने काउंटरवर हात ठेवला. "राग थोडा कमी झालाय मास्टर. पूर्ण नाही." गावठाणात नाताळच्या गोठ्याची तयारी चालली होती तेव्हा ती गेली. हिरव्या ब्लाऊजमध्येच तिला नेलं. तो आत घ्यावा लागला, आणि त्या मापाला मात्र सुनंदा गेली नाही. तिने अंदाजाने आकडा सांगितला. मी तो तसाच लिहून घेतला.

आता आमच्याकडे नियम आहे. ऑपरेशन झालेल्या बाईचं माप एका बाजूला अर्धा इंच जरी बदललं तरी डॉक्टरला दाखवून आल्याशिवाय कापड कापायचं नाही. गिऱ्हाइकं चिडतात. एकीने विचारलं, "तुम्ही टेलर आहात की डॉक्टर?" सुनंदा म्हणाली, "टेलर आहोत ताई, म्हणूनच कळलं." ती बाई कापड उचलून निघून गेली, परत आली नाही. ज्या डॉक्टरकडे जाऊन आल्या त्यांपैकी बहुतेकींना काहीच निघालं नाही. एकजण मला शिव्या देत पेढे घेऊन आली. अशा शिव्या मी आनंदाने खातो.

जूनच्या त्या पानावरचं साडेआठ मी खोडलेलं नाही. शेजारी नऊ लिहून खाली सही केली आहे.

या महिन्यात शॅरन आली. आईच्या जागी शाळेत नाही, ती बँकेत आहे, पण दिवाळीला ऑफिसात सगळ्याजणी साड्या नेसतात म्हणून ब्लाऊज हवा होता. आई गेल्यापासून पहिल्यांदाच दुकानात पाय ठेवला होता. माझ्याशी एक शब्द न बोलता पडद्याआड गेली. सुनंदाने आकडे सांगितले, मी मागोमाग म्हणत लिहिले. शेवटचा आकडा झाल्यावर आतून शॅरनचा आवाज आला. अगदी आईचा आवाज आहे पोरीचा.

"लिहिलं का, मास्टर?"

"लिहिलं."

"वाचून दाखवा."

मी चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचलं. शोल्डर, मुंढा, गळे, कंबर. डावी इतकी, उजवी इतकी. तिचं काही ऑपरेशन झालेलं नाही, पण सुनंदाने तिचंही माप दोन भागांतच घेतलं होतं.

"आंटी, बरोबर?"

"बरोबर," सुनंदा म्हणाली.

"मग कापा," शॅरन म्हणाली.